लेलेमास्तरांचा सोपा वाद्यवृंद

लेलेमास्तर पनवेलच्या बाजारात दिसेल त्या मुलाची करंगळी मोजायचे. नाव, इयत्ता, वडील काय करतात, हे सगळं नंतर. आधी खिशातून दोरा निघायचा. नव्या माणसाला वाटायचं, अंगठीचं माप घेणारे सोनार असावेत. मीठखात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गावात मुलांचा व्हायोलिनचा वाद्यवृंद काढायचा होता, आणि कोणाचं बोट कुठल्या सुरापर्यंत पोचेल हे ते दोऱ्यावर ठरवत.

आठ मुलं जमली. नववा मी. शेजारी राहतो आणि नाही म्हणता येत नाही, एवढ्याच भांडवलावर पस्तिशीत माझ्या हाती व्हायोलिन आलं.

मास्तरांची पद्धत जगावेगळी. चाल एकच, पण प्रत्येकाचा कागद वेगळा, वर त्याचं नाव. ज्याला जेवढे सूर येतात तेवढेच त्याच्या कागदावर. कोणी अडलं की मास्तर रबर काढत आणि म्हणत, "जड होतंय? काढून टाकू." माझ्या कागदावर शेवटी तीन सूर उरले. त्यातलाही एक जास्त होतोय का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

कोळीवाड्यातल्या चंद्रीचं मात्र फारच अवघड होतं. "मास्तर, माजं बोट पोचतच नाय," ती म्हणायची. रबर फिरायचं. गणपतीतला कार्यक्रम जवळ आला तोवर तिच्या वाट्याला एक मोकळी तार राहिली. नुसता सा, डावं बोट न लावता.

आठवडाभर आधी मंडळाचे चिटणीस तालीम ऐकायला आले. म्हणाले, "मास्तर, त्या मुलीला खाली बसवा. एकच सूर ओढतेय. हसं होईल आपलं."

चंद्रीने व्हायोलिन मांडीवर ठेवलं. मास्तर घरी गेले आणि तीन दिवसांनी नऊच्या नऊ कागद नव्याने लिहून घेऊन आले. आता सुरुवात चंद्रीची, शेवट चंद्रीचा, आणि मधे ती थांबली तर आपण कुठे आहोत हे आम्हाला कळायचं नाही. तिला वगळायचं तर कार्यक्रमच वगळावा लागणार होता. चिटणीस डोकं खाजवत परत गेले.

कार्यक्रमात चंद्री घाबरली आणि निम्म्या लयीत सुरू झाली. तिच्यामागून आम्ही सगळे. दुडकी चाल होती, तिचं अंगाईगीत झालं. पुढच्या रांगेतलं एक बाळ खरोखरच झोपलं. चिटणिसांनीही डोळे मिटले होते, पण ते झोपेने नव्हे. चुकलं मात्र कोणी नाही. चुकायला कागदावर फारसं काही नव्हतंच. टाळ्या पडल्या. चंद्रीची आई शेजारणीला सांगत होती, "माजी पोर पुढं, न बाकी सगली तिच्या मागं."

परतताना मी मास्तरांना चिडवलं, "एका सुरासाठी नऊ कागद लिहिणारा माणूस मी पाहिला नव्हता."

ते हसले नाहीत. "माझ्या शांतेला मी रोज अवघड द्यायचो," ते म्हणाले. "सात वर्षांची होती. अडली की पट्टी. बाराव्या वर्षी तिने व्हायोलिन खाली ठेवलं ते ठेवलंच. आता नागपूरला असते. पत्र जावई लिहितात. तिचा नमस्कार शेवटच्या ओळीत असतो. तिची मुलगी सहा वर्षांची झाली."

मला माझ्या चेष्टेची लाज वाटली.

दारापाशी त्यांनी मला थांबवलं आणि आतून एक लिफाफा आणला. आत चंद्रीच्या कागदाची नक्कल होती, वर नातीचं नाव. लिफाफा कोरा होता.

"पत्ता तुम्ही लिहाल?" ते म्हणाले. "माझं अक्षर पाहिलं तर शांता उघडायची नाही."