फाटकावरचे डोमाजीभाऊ

भर उन्हात, कॉलेजच्या फाटकात उभं राहून, आमच्या प्राचार्यांना मिटलेली छत्री उघडून दाखवावी लागली, तेव्हा मला तिथं नोकरीला लागून दोनच दिवस झाले होते.

"झटका," डोमाजीभाऊ म्हणाले.

प्राचार्यांनी झटकली. काही पडलं नाही. डोमाजीभाऊंनी आडवा बांबू वर केला, साहेबांना आत सोडलं आणि मला म्हणाले, "छत्रीत बंदूक मावते, गुर्जी. मले शंका होती."

चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होतं. कॉलेज नुकतंच निघालेलं, गावाबाहेर. तीन बाजूंना बांबूची ताटी आणि चौथीकडे सरळ जंगल. प्रयोगशाळेतला एक सूक्ष्मदर्शक चोरीला गेला, म्हणून फाटकावर माणूस ठेवायचं ठरलं. अहेरीकडच्या जंगलनाक्यावर गाड्या तपासण्यात जन्म गेलेले डोमाजीभाऊ असे आमच्याकडे आले. अंगात बटणं उडालेला खाकी कोट, हातात लोखंडी टोकाची काठी. जे बंद दिसेल त्याला ते काठीनं टोचून पाहत.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "कुठून आले? कुठी चालले? काऊन?" उत्तर दिलं तरी समाधान नाही. मी पेपर तपासायला घरी नेले तर म्हणाले, "एवढे कागद नेऊन राह्यले, वापस आनता का नाई?"

जीवशास्त्राच्या लिमयांचे तर हालच झाले. त्यांनी सकाळी मडक्यातून अकरा बेडूक आत नेले. संध्याकाळी मडकं रिकामं.

"बेडकं कुठी गेले?"

"कापले."

"कापले. मंग?"

लिमये कांदासुद्धा खात नसत. पण रविवारच्या बाजारात जो तो एकमेकाला सांगत होता की कॉलेजातले मास्तर बेडकं खाऊन राह्यले.

इथपर्यंत हसू येई. पण कॉलेजात चार मुली होत्या, आणि त्यांना हे गृहस्थ रोज विचारत, "कोन्या रस्त्यानं जाता? नाल्याकडून का सडकेनं?" मुली घाबरल्या. एकीच्या वडिलांनी तक्रार केली. मलाही तो माणूस बरा वाटेना. मी वर्गाच्या खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवू लागलो. मुली गेल्यावर तो बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राही, हे मी ध्यानात ठेवलं.

मग एके दुपारी संस्थेच्या अध्यक्षांची मोटार आली. बांबू वर होईना.

"अरे, हे कॉलेज माझं आहे!" अध्यक्ष मोटारीतून ओरडले.

"असन, मालक. पन चालले कुठी?"

अध्यक्षांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला. या माणसानं सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा, नाहीतर चालतं व्हावं. डोमाजीभाऊंना सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून प्राचार्यांनी मला खुलासा लिहून द्यायला सांगितलं. मी कागद घेऊन फाटकाजवळच्या मोहाच्या झाडाखाली त्यांच्यासमोर बसलो. खरं सांगायचं तर चौकशी करायलाच बसलो होतो.

"मुलींना रस्ता का विचारता?" मी सरळ विचारलं.

ते काठीनं माती उकरू लागले.

"नाक्यावर मी सब्बनलेच विचारत होतो, गुर्जी. सागवानासाठी नाई. पुढं जंगलात कुठी काय हाय, ते नाकेदाराले ठाव राह्यते. विचारलं तर सांगता येते. एक डाव मले ताप होता. नाल्यावर वाघ बसला, हे सकाळीच समजलं होतं मले. दोन गाड्या मी वापस पाठवल्या. तिसरा मानूस पायी आला, बाजारातून. मी खाटेवर पडून होतो. त्यानं आवाज देल्ला, मी पडल्या पडल्या दोरी ओढली. फाटक उघडलं. विचारलं नाई."

त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"चप्पल तेवढी भेटली."

मी लिहू लागलो. कोणाही माणसाचं मन वळेल असा खुलासा झाला असता. दोन ओळी झाल्या असतील, तोच त्यांनी कागदावर हात ठेवला.

"हे नका लिहू. त्याची बाई हाय तिकडं गावात. तिले वाटते, फाटक उघडंच होतं, अन् मी तापात बेसुध होतो. दर साली जातो मी तिच्याकडं. भाऊ म्हनते मले. भात-वरन करते. घास उतरत नाई. पन नाई गेलो तर वाट पाहते."

"नोकरी जाईल, डोमाजीभाऊ."

"जाऊ द्या."

मी तो कागद फाडला. नव्या कागदावर लिहिलं की ऊन डोळ्यांवर असल्यानं साहेबांना ओळखलं नाही, माफी असावी. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि मगच सही केली. अध्यक्षांचा राग तोवर उतरला होता. नोकरी राहिली. मुलींच्या वडिलांना मी एवढंच सांगितलं की माणूस चांगला आहे. का, ते कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अहेरीकडे जाणाऱ्या मोटारीत डोमाजीभाऊ दिसले. कोट धुतलेला, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. मी खिडकीशी गेलो तसं त्यांनी ते हळूच उलगडलं. आत पांढरं, बारीक निळ्या काठाचं लुगडं होतं.

"बाईमानसाच्या कपड्यातलं मले समजत नाई," ते म्हणाले. "पाहा बरं, दुकानदारानं फसवलं तर नाई?"

मी हात लावून पोत पाहिला आणि चांगलं आहे म्हणालो. त्यांनी मोठ्या काळजीनं घडी घातली. कंडक्टरनं सामान टपावर द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पुडकं कोटाच्या आत सरकवलं. मोटार सुटली तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोटावर होते.