खालच्या मजल्याला बंदी

दुपारच्या बातम्या देणारा माणूस तोंड उघडं ठेवूनच पडद्यावर थिजला, तेव्हा मीटरसाहेबांनी रागाने जमिनीकडे बोट केलं.

"खालचा ओढतोय नेट."

खालचा म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. वरच्या मजल्यावर थोरला, खाली धाकटा आणि नेटची जोडणी दोघांत एक. वडिलांनी घेतलेली, म्हणून ती तोडायचा विषय आजवर कोणी काढला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी जिन्यातलं चपलांचं कपाट कोणी सरकवलं यावरून भावाभावांत वाजलं आणि बोलणं बंद झालं. साहेबांनी स्वतःबरोबर बायकोचंही बंद केलं. "खाली पाय ठेवायचा नाही," असा हुकूम सुटला. काकू "बरं" म्हणाल्या आणि वाटाणे सोलायला बसल्या.

साहेबांची उभी हयात वीजचोर पकडण्यात गेली होती. ते निवृत्त झाले, नजर झाली नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं की एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर फायरवॉल, म्हणजे नेटचा पहारेकरी, चढवून तो मोडेमला जोडला, की घरात कोण किती नेट वापरतं ते कळतं, आणि नको त्याला तोडताही येतं. शिवाय ही फायरवॉल ओपन सोर्स होती. म्हणजे फुकट, आणि करणाऱ्यांनी तिचं आतलं सगळं जगाला उघडं ठेवलेलं. जगाला उघडी असलेली ही वस्तू साहेबांना सख्ख्या भावाच्या तोंडावर बंद करायची होती.

दुकानदाराने साहेबांच्या जुन्या कॉम्प्युटरला वायरी खुपसायला तीन भोकं करून दिली. एक मोडेमचं, एक 'घर', एक 'इतर'. पेनड्राइव्हवरून फायरवॉल चढू लागली. मध्येच तिने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? साहेबांनी झटक्यात 'हो' दाबलं. मग त्यांना डिस्कवर काय होतं ते आठवलं.

"गेले! पुरावे गेले!"

"कसले?" काकूंनी विचारलं.

"त्याच्या तक्रारींचे! अकरा वर्षांची टिपणं. बावीस पानं!"

"मग पुन्हा लिहा की. तोंडपाठच असतील."

साहेब कागद घेऊन बसले. सहा ओळी झाल्या आणि पुढे काही सुचेना. त्याचाही राग धाकट्यावरच निघाला.

संध्याकाळी वायरी खोचल्या. तिन्ही करड्या, तिन्ही सारख्या. वरच्या मजल्याचं नेट तात्काळ मेलं. खालून मात्र मॅचचा आवाज अखंड येत होता, एकदाही न अडकता. असं दोन दिवस चाललं. शेवटी साहेबांनी परगावच्या मुलाला फोन लावला.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, तुम्ही काकाला 'घर' केलंय आणि स्वतःला 'इतर'. 'इतर'ला नियम लिहून दिल्याशिवाय काही मिळत नाही."

"त्या यंत्राला कळत नाही का थोरला कोण ते?"

"त्याला फक्त वायर कळते. त्या दोन वायरी अदलाबदल करा. आणि काकाचं लगेच तोडू नका, त्याला वाट द्यायचा नियम सांगतो तो लिहा. आधी मोजा. मोजल्याशिवाय कोणाची वीज तोडलीत का कधी?"

हे मात्र लागलं. साहेबांनी आठवडाभर मोजलं. रोज अडीचला पडद्यावरच्या आलेखात खालच्या मजल्याची रेघ उभी चढायची आणि चारला उतरायची. इथवर चोर सापडला होता. घोळ एवढाच, की त्याच मिनिटाला वरच्या मजल्याचीही रेघ चढायची आणि त्याच मिनिटाला उतरायची.

आठव्या दिवशी दोन पस्तीसला साहेब पावलं न वाजवता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. डब्याला टेकवून फोन ठेवलेला. फोनमध्ये धाकटी जाऊ कणीक मळत होती.

"ताई, मीठ कमीच घाला हं त्यांना," ती म्हणाली. हे वाक्य साहेबांना दोनदा ऐकू आलं. आधी खिडकीतून, मग फोनमधून.

"हे काय चाललंय?"

"बोलतेय," काकू म्हणाल्या.

"मी नको म्हटलं असताना?"

"खाली पाय ठेवू नको म्हणालात. ठेवलाय का?"

आठ महिने, रोज दीड तास, दहा हातांवरच्या बाईशी त्यांची बायको उपग्रहामार्फत बोलत होती. आणि बातम्या थिजत होत्या त्या याच्यामुळे. साहेब तरातरा बाहेर आले आणि त्यांनी नवा नियम लिहिला. खालचा मजला, सगळं बंद. वर स्वतःच्या हाताने नावही दिलं: 'शिस्त'.

दुसऱ्या दिवशी अडीचला काकूंनी वाटाण्यांची परात उचलली आणि चपला घातल्या.

"कुठे?"

"खाली."

"मी काय सांगितलं होतं?"

"फोनवर भागत होतं तोवर ऐकलं," काकू म्हणाल्या. "तुमचं जेवण झाकून ठेवलंय." आणि जिना उतरल्या.

चारला त्या परतल्या नाहीत. दिवेलागणीला आल्या, त्याही निम्मे वाटाणे खालीच ठेवून. मग ते रोजचंच झालं. वरचं नेट आता वाऱ्यासारखं धावत होतं. बातम्या एकदाही अडल्या नाहीत. साहेबांनी त्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि एकदा सवयीने म्हणाले, "ऐकलंस का?" उत्तर यायला घरात कोणी नव्हतं.

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. साहेब शर्ट बदलून नव्या कॉम्प्युटरपुढे बसले. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मग खालून गलका ऐकू आला. मुलाने आईच्या फोनवर कॉल केला होता, आणि आई आज सकाळपासूनच खाली होती; वरचं वाय-फाय खिडकीतून तिच्या फोनपर्यंत पोचत होतं.

"काका, तुम्ही बारीक झालात!" मुलाचा आवाज खिडकीतून स्पष्ट आला. "आणि बाबा कुठायत?"

धाकट्याचा आवाज आला. आठ महिन्यांत थोरल्याविषयी तो पहिल्यांदाच काही बोलत होता.

"वर आहेत. एकदम सुरक्षित."

सगळे हसले. काकू सर्वांत मोठ्याने.

साहेब खिडकी लावायला उठले. पण लावली असती तर पुढचं ऐकू आलं नसतं. ते तिथेच गज धरून उभे राहिले.