रेगेकाकांचे बुवा

परदेशातल्या आमच्या टूनगॅबी उपनगरात रेगेकाकांच्या घरी बूट काढले की आधी एका इंग्रजाला नमस्कार करावा लागतो. नाही केला, तर चहा मिळत नाही.

हा इंग्रज भिंतीवर आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं तीनशे वर्षांपूर्वीचं चित्र. खांद्यापर्यंत कुरळा विग, गुबगुबीत गाल, खाली लॅटिनमध्ये नाव आणि स्वरांची एकच ओळ. काकांनी ते मागच्या गल्लीत कुणीतरी जुनं सामान विकायला मांडलेल्या गराज सेलमधून आणलं. पुण्याच्या एका पाहुण्याने विचारलं, "हा कुठला व्हाइसरॉय?" काका उखडले. "व्हाइसरॉय काय! गवई आहे. बुवा म्हणायचं." नाव वाचायच्या फंदात ते पडलेच नाहीत. बुवांना कुणी नावाने हाक मारतं का?

मी शेजारी राहते. मधली भिंत पापडासारखी पातळ, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

काकांचं आयुष्य वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात गेलं. स्वरांच्या ओळीत मध्येच एक ठिपकेदार खूण होती. काकांनी निदान केलं, "माशीची घाण." आठवडाभर काच स्पिरिटने घासली. खूण ढिम्म. शेवटी युनिव्हर्सिटीतल्या एका संगीताच्या मास्तरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, ती घाण नाही, कोरलेलीच आहे. पहिला गाणारा तिथे पोचला, की दुसऱ्याने तीच ओळ सुरुवातीपासून धरायची.

झालं! काकांनी ओळ सारेगममध्ये उतरवली आणि पेटी काढली. पण पेटीवाल्याला वाजवायला हात एकच, दुसरा भात्यावर.

"मी भाता मारू का?" मी विचारलं.

"नको. जमवतो."

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. गुडघ्याच्या ऑपरेशनलासुद्धा हा माणूस "जमवतो" म्हणत एकटा ट्रेनने गेला होता.

मग भात्याला पायजम्याची नाडी बांधून दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं. नाडी तुटली, काका खुर्चीसकट उताणे. पुढे व्हॅक्युम क्लीनर उलटा जोडला, तर पेटी अशी किंचाळली की समोरचा गोरा धावत आला. "यू राइट, मेट?"

"नो वरीज! जमवतो!" काका म्हणाले, 'जमवतो' मात्र त्यालाही मराठीतच.

गेल्या रविवारी दुपारी पेटी वाजली आणि खुणेपाशी थांबली. पुन्हा वाजली, पुन्हा तिथेच थांबली. मला राहवेना. गेले, तर काका नुसते भात्याकडे बघत बसलेले.

"सुमन होती तेव्हा ती समोर बसून भाता मारायची," ते म्हणाले. "माझे दोन्ही हात मोकळे. मी कधी बोलावलं नाही गं तिला. ती आपली येऊन बसायची."

काकू गेल्याला चार वर्षं झाली, आणि मी इतके दिवस 'मारू का' विचारत बसले होते. या वेळी न विचारता समोर बसले आणि भाता धरला.

"हळू," काका म्हणाले. उजवा हात निघाला. खुणेपाशी डाव्याने मागून ओळ धरली. दोन सूर एकमेकांच्या मागून शेवटपर्यंत गेले. मी बुवांना नमस्कार करायला विसरले होते, पण काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

पेटी मिटताना त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला. मग भिंतीकडे बघत विचारलं, "उद्या तुझी शिफ्ट किती वाजता संपते?"

शिफ्ट सहाला संपते, आणि काका पेटी चारला काढतात.

म्हटलं, "जमवते."