बाकीची पाल कुठी?

"भरीत करावं तर जीवरामभाऊंनीच!" असं साऱ्या रावेर तालुक्यात एकच माणूस म्हणायचा, आणि तो म्हणजे स्वतः जीवरामभाऊ!

त्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलीला, कुंदाला बघायला देवपूरहून लीलाधर मास्तर मुलाला घेऊन येणार होते. याआधीची तीन स्थळं पोहे खाऊन "पत्रानं कळवतो" म्हणून गेली होती. पत्रं काही आली नाहीत. चौथ्यांदा तीच साडी बाहेर काढणारी कुंदा पाहून भाऊंचं काळीज तुटलं.

"मंदा, आता पोहे बंद!" ते बायकोला म्हणाले. "मळ्यात भरीत! माणूस आधी पोटातून पाघळतो."

तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली, बडगीत, म्हणजे त्या लांबट लाकडी भांड्यात, देठासकट ठेचली गेली. केळीच्या पानांवर पाहुण्यांची पंगत बसली. "थोडंच वाढा" म्हणणाऱ्या मास्तरांनी तीनदा भरीत घेतलं. वाढता वाढता भाऊ नाचायचेच काय ते बाकी होते!

तेवढ्यात त्यांचा चुलतभाऊ नथ्थू पानाच्या तुकड्यावर काहीतरी घेऊन आला.

"भाऊ, बडगीपाशी हे सापडलं."

"वांग्याचं देठ आहे, बावळटा!"

"देठ वळवळतं का?"

सगळे वाकले. पालीची शेपटी!

"कोनी घाबरू नका," नथ्थूनं धीर दिला. "शेपटी तं सापडली. आता बाकीची पाल कुठी गेली, तेवढंच पाहू!"

जो तो आपापल्या पानाकडे बघू लागला. मग मास्तरांनी पोटावर हात ठेवला. "मला गरगरतंय हो!"

झालं! मुलाच्या पोटात कळ आली. नथ्थूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि भाऊ? ते केळीच्या बागेत शिरून अशा काही ओकाऱ्या काढू लागले, की शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली!

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतले केळीचे घड उतरवून माणसं भरली. दवाखान्यापर्यंतचा रस्ता असा, की धडधाकट माणसालाही मळमळावं. कुंदा अजून जेवायचीच होती, म्हणून ठीक होती. ती मास्तरांचं डोकं धरून ओल्या पंच्यानं त्यांचा घाम पुसत राहिली.

"बाई," मास्तरांचे डोळे भरून आले, "मी वाचलो, तर तूच आमची सून! पत्रबित्र काही नाही!"

भाऊंनी ओकारी थांबवून हात जोडले, आणि पुन्हा सुरू केली.

दवाखान्यात सर्वांत वाईट अवस्था भाऊंची, म्हणून पहिली सलाईन त्यांनाच लागली.

"सगळ्यांत जास्त कोणी खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी बोट दाखवलं ते भाऊंच्या ठार बहिऱ्या आत्याकडे, बेबाबाईंकडे. भरिताचं पातेलं मांडीवर घेऊन त्या ट्रॉलीत बसल्या होत्या, आणि इथे बाकावरही त्यांचं जेवण चालूच होतं.

"आजी!" डॉक्टर पोट दाखवून कानाशी ओरडले. "काही होतंय का?"

"काही नाही रे बापा! मीठ तेवढं कमी आहे!"

डॉक्टर नथ्थूकडे वळले. "शेपटी वळवळत होती ना? मग पाल ती टाकून पळाली! ठेचलेल्या पालीची शेपटी नाचेल का? तुम्ही पाल खाल्ली नाही हो, नुसती ऐकली. आजींना ऐकू आलं नाही, म्हणून त्या ठणठणीत!"

दोन मिनिटांत मुलाची कळ गेली. नथ्थूला चहाची तलफ आली. मास्तर उठून बसले आणि त्यांची नजर कुंदावर गेली. ट्रॉलीतलं बोलणं सगळ्यांनाच आठवत होतं. कुंदा पंचा पिळत खाली बघत उभी राहिली.

"भीतीपोटी बोललो, असं म्हणता येईल मला," मास्तर हळूच म्हणाले. "पण तिला तर कसली भीती नव्हती. तरी तिनं एवढं केलं. पोरगी पसंत आहे, व्याही!"

मुलानं इतक्या जोरात मान डोलावली, की त्याला आता खरंच गरगरलं असेल! कुंदा त्या दिवसात पहिल्यांदा हसली. भाऊंना रडूच फुटलं.

"आता तुमचं बघू," डॉक्टर भाऊंना म्हणाले. "तुम्ही किती खाल्लं होतं?"

भाऊ आठवू लागले. खूप वेळ आठवत राहिले.

"हे?" मंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "हे सकाळपासून जेवले कुठी! वाढतच राह्यले! घास नाही का बोटभर चाखलं नाही!"

मास्तर तर हसून हसून पुन्हा आडवे झाले. भाऊ ओशाळून पुटपुटले, "डॉक्टर, मंग ही सलाईन काढा की."

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून तुमच्या अंगात तेवढंच गेलंय!"