‘टँकर’चा मुज्जूभाई

मुज्जूभाई स्टेजवर कधी हसला नाही. हातसुद्धा हलवायचा नाही. कापडाच्या दुकानाबाहेर साडी नेसवलेला पुतळा उभा असतो तसा ताठ उभा राहायचा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि गायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "हसलं की ऑर्केस्ट्रा होतो, मियाँ. आपला बँड आहे."

त्याचं न्यू वेव्हचं, म्हणजे विलायती बँडांच्या नव्या धाटणीच्या गाण्यांचं खूळ जेद्दाहून मामानं आणलेल्या कॅसेटांतून आलं. पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली ती वर्षं. शहर मात्र सिडकोच्या अंगानं फुगत चाललेलं. मी म्हणालो, "मुज्जूभाई, नवी लाट कसली? आपल्याकडं लाट एकच, उन्हाची."

"हौ? मग तिच्यावरच गाऊ."

गुलमंडीत मुज्जूभाईच्या घरच्या दुकानाच्या माडीवर, कापडाच्या गठ्ठ्यांत आमची तालीम चाले. मी गिटारवर, कीबोर्ड आणि गळा त्याचा. तिसरा भगवान. गंगापूरकडचा, धनगराच्या घरातला, वाळूजच्या कारखान्यात हेल्पर. त्याला ड्रम वाजवायची हौस. मुज्जूभाई म्हणाला, "ड्रम सगळ्यांकडं असतो. तू घरचा ढोल आण."

प्रेमगीतांचा त्याला तिटकारा. "प्रेमावर लई लोक गातात. गटारीवर कोण गाणार?" त्यानं कारखान्याच्या भोंग्यावर गाणं केलं, अर्धवट बांधलेल्या जिन्यावर केलं. बँडचं नावच ‘टँकर’. एका कॉलनीच्या गणपतीत लोकांनी सिनेमातल्या गाण्यांच्या चिठ्ठ्या पाठवल्या. मुज्जूभाईनं त्या न वाचता खिशात घातल्या आणि कोरडेपणानं विचारलं, "आला का?" भगवाननं ढोलावर थाप मारली, "नाय!" पुन्हा, "आला का?" तिसऱ्या वेळी पुढं बसलेल्या बायकाच ओरडल्या, "नाय!" दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत हंडे बडवत तेच गाणं चाललं होतं.

मग कॉलेजांची बोलावणी आली. शेवटी पुण्याचं आलं. मुज्जूभाईनं तिघांना सारखे लोकरी कोट शिवले. ऐन एप्रिलात.

तेवढ्यात भगवानचे वडील पाय मोडून पडले. गावचं पाणी आटलेलं, मेंढरं गोदावरीकडं न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"पुण्याचं होऊ द्या, मंग जातो," भगवान म्हणाला.

"तोवर मेंढरं जगतील?"

भगवान कोट चाचपत राहिला. "माझ्यापायी बँड मोडायचा नाय, मुज्जूभाई."

दुसऱ्या दिवशी मुज्जूभाईचा गळा बसला. मफलर गुंडाळून, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर बोलले, गाना बंद. हमेशा के लिए." भगवान त्याच्या गळ्यात पडून रडला आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी गेला. पुण्याला ‘येत नाही’ असं कळवलं. ‘टँकर’ संपला.

आठवड्यानं मी दुकानात गेलो, तर मुज्जूभाई खणखणीत आवाजात गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता.

मी चिडलो. "दुसरा ढोलवाला मिळाला असता की!"

"मिळाला असता. मग भगवानला काय वाटलं असतं? की त्याच्यावाचून काय अडलं नाय. आणि नसता मिळाला तर? त्याच्यामुळं मोडलं, असं वाटलं असतं. दोन्ही नक्को. माझ्या गळ्यामुळं मोडलं, बस. तू त्याला बोलू नको."

मी आजवर बोललो नाही. मुज्जूभाईही पुन्हा गायला नाही. लग्नात नाही, मैफलीत नाही. भगवानच्या कानावर जाईल म्हणून. त्याच्या कळपाचं पुढं बरं झालं. बाजाराला आला की तो दुकानात येतो आणि गळ्यासाठी ज्येष्ठमध देऊन जातो.

परवा मी तिथंच होतो. भगवाननं पुडी ठेवली, म्हणाला, "उतार हाय का?"

"थोडा थोडा," मुज्जूभाई घोगरं बोलला.

भगवान गेला. पुडीतली काडी चघळत मुज्जूभाई तो गेला त्या रस्त्याकडं बघत बसला. एक बाई पडद्याचं कापड विचारायला आल्या. त्यांना भाव सांगतानाही त्याचा आवाज घोगराच होता.