भाऊजींची सुसज्ज गाडी

वाहन हे मुळात रस्त्यात बंद पडण्यासाठीच निर्माण झालेले असून मधल्या काळात ते चालते, ही केवळ बनवणाऱ्याची मेहेरबानी होय. हे मत आमच्या भाऊजींचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे आहे. त्यांची गाडी घेतल्यापासून एकदाही बंद पडलेली नव्हती, पण त्यामुळे मतात काडीचाही फरक पडला नाही. उलट, ‘इतकी वर्षं पडली नाही म्हणजे आता केव्हाही पडेल,’ असा त्यांचा हिशोब होता आणि तो खोडून काढणे कोणालाही जमलेले नाही.

सदर प्रसंगास तोंड देण्यासाठी भाऊजींनी गाडीत बाळगलेल्या साहित्याचे वर्ग पाडले होते. अत्यावश्यक वर्गात जॅक, पाना, हवेचा पंप, बॅटरी जोडायच्या केबल, गाडी ओढायचा दोर आणि लाल त्रिकोण. आवश्यक वर्गात याच सगळ्या वस्तू पुन्हा एकदा (पहिल्या बिघडल्या तर). अपवाद फक्त जॅकचा, कारण जॅक कधी बिघडत नाही असे दुकानदाराने त्यांना तोंडावर सांगितले होते. पूरक वर्गात फावडे, नरसाळे, शिट्टी, छत्र्या आणि घडीची खुर्ची. खुर्ची कशाला, असे मी एकदा विचारले. ‘दुरुस्ती चालू असताना माणसाने बसायचं कुठे?’ असा प्रतिप्रश्न आला.

टॉर्चचा विषय स्वतंत्र आहे. एका पाहणीनुसार (पाहणी भाऊजींचीच) रस्त्यात अडकलेल्या बहात्तर टक्के लोकांकडे टॉर्च नसतो आणि उरलेल्या अठ्ठावीस टक्क्यांना तो सापडत नाही. म्हणून पहिला टॉर्च शोधण्यासाठी त्यांनी दुसरा घेतला. टॉर्चमध्ये ठेवलेले सेल गळतात, सबब सेल घरच्या कपाटात सुखरूप असत.

जॅकचा दांडा मात्र खोक्यात खडखड वाजायचा. गाडीतला कुठलाही आवाज म्हणजे बिघाडाची नांदी, असे मानणाऱ्याला तो कसा सोसणार? त्यांनी दांडा काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळून आपल्या सीटखाली सारला आणि खोके चिकटपट्टी लावून असे बंद केले, की नुकतेच दुकानातून आल्यासारखे दिसावे.

डिकी भरल्यावर साहित्य मागच्या सीटवर आले. ताई कित्येक वर्षे पंपावर पाय ठेवून आणि मांडीवर नरसाळे घेऊन प्रवास करत होती. तक्रार करत नसे, फक्त खाली उतरल्यावर पंपाकडे एकदा रोखून बघत असे.

असे असताना भाचीला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले. पोरीने वर्षभर अर्ज केले होते आणि हे पहिलेच बोलावणे होते. आदल्या दिवशी तिने एकच ड्रेस तीनदा इस्त्री केला. मला सांगते, ‘मामा, हे हुकलं ना, तर मला पुन्हा अर्ज करायचा धीर नाही होणार.’ भाऊजी म्हणाले, ‘बसने कशाला जातेस? आपली गाडी आहे ना, सुसज्ज!’ ताई येणार होतीच, मलाही बरोबर घेतले. मला वाटले, आधाराला. नंतर कळले की माझा समावेश ‘धक्का मारणे’ या सदराखाली झाला होता.

अर्ध्या वाटेत मागचे चाक बसले.

भाऊजींच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते त्यांच्या लग्नातही नव्हते (मी हजर होतो). खाली उतरून त्यांनी बसलेल्या चाकाकडे असे पाहिले, की मला क्षणभर वाटले, आता त्याची पाठ थोपटतात.

‘बाबा, अकराला पोचायचंय,’ भाची म्हणाली.

‘पाच मिनिटं. सगळं आहे आपल्याकडे.’

सगळे होतेच. पण सामान खरेदीच्या क्रमाने रचलेले असल्यामुळे सर्वांत आधी घेतलेला जॅक सर्वांत खाली होता. त्यामुळे प्रथम फुटपाथवर चादर अंथरण्यात आली. तिच्यावर वर्गवारीनुसार, ओळीने, सगळे साहित्य मांडण्यात आले. चादर पुरेना तेव्हा दुसरी आली. पुढे लाल त्रिकोण, मागे उघडलेली छत्री आणि मधोमध खुर्चीवर ताई. खरे सांगतो, फार देखणे दिसत होते.

तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला. मला हायसे वाटले. त्याने विचारले, ‘टॉर्च केवढ्याला?’

भाऊजी दुखावले. हा विकायचा नाही, असे त्यांनी बजावले आणि मग तो इतका चांगला का आहे, हे समजावून सांगायला लागले. त्यांच्याकडून असे समजून घ्यायला आजवर कोणी थांबले नव्हते. बघता बघता गर्दी जमली. अडचणीत सापडलेल्या गाडीपाशी कोणी थांबत नाही, अशी लोक उगाच ओरड करतात. आमच्यापाशी माणसांची रीघ लागली. आमची काय अडचण आहे, एवढे मात्र कोणी विचारले नाही.

भाची रस्त्याच्या कडेला उभी राहून घड्याळाकडे बघत होती. तिच्या ओढणीला कुणाचा तरी तेलकट हात लागला, तेव्हा तिचे डोळे भरले. मी तिच्याकडे जाणार, तोच मागून ताईचा आवाज ऐकू आला.

‘फावडं घेतलंत तर नरसाळं तसंच देईन.’

ताई विकत होती! ती खुर्चीवरून उठली होती, पदर खोचला होता आणि इतक्या वर्षांत मी तिला एवढी आनंदात पाहिली नव्हती. पंप गेला. दुसरा पंप गेला. पंप हातात देताना तिने त्याला शेवटचा पायही लावून घेतला.

राखाडी गाडीतून एक सुशिक्षित कुटुंब उतरले. वाचनाची आवड असलेले (मागच्या काचेपाशी पुस्तके होती). त्यांनी फावडे घेतले, खुर्ची घेतली, दोर घेतला आणि घासाघीस करून सीलबंद खोक्यातला जॅकही घेतला. ‘आपल्या गाडीत असायलाच हवं बाई हे सगळं,’ असे आपसांत म्हणालेसुद्धा.

भाचीने धीर केला. ‘मला पुढच्या चौकापर्यंत सोडाल? माझी मुलाखत आहे.’

त्यांनी मागच्या सीटकडे पाहिले. तिथे आमची खुर्ची होती. ‘सोडलं असतं गं, पण बघ ना, जागाच नाही उरली.’

तिने ओढणी कमरेला बांधली. चपला हातात घेऊन बसथांब्याकडे पळत सुटली. भाऊजी टॉर्चवरचे भाषण संपवून वळले, चादरीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘जॅक कुठाय?’

शेवटी एक टेम्पोवाला थांबला. त्याच्याकडे गंजका जॅक होता आणि दुसरे काहीही नव्हते. त्याने चाक बदलून दिले, हात पुसले आणि गेला. गाडीत एवढी जागा झाली होती, की आम्ही तिघे बोललो तर आवाज घुमला असता.

भाची पोचली तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. तरी त्यांनी तिची कागदपत्रे चाळली आणि सौजन्याने म्हणाले, ‘आम्ही कळवू.’ या दोन शब्दांचा अर्थ तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. तिलाही होता.

आता थोडे त्या राखाडी गाडीविषयी. लिहिता लिहिता मला चेहरे आठवले. आपणच होतात. वाचनाची आवड अजून टिकून आहे, हे आपण इथपर्यंत आलात त्यावरून दिसतेच. खोके आपण अर्थातच फोडलेले नसेल. फोडू नये, छान दिसते. फक्त त्यात जॅक फिरवायचा दांडा नाही. तो टॉवेलात गुंडाळलेला आमच्याकडे आहे, आणि भाऊजींच्या सिद्धांताप्रमाणे आपलीही गाडी आता केव्हाही बंद पडेल.

तसे झाल्यास लाल त्रिकोण लावून कडेला उभे राहावे. आमची गाडी त्याच रस्त्याने जाते आणि हल्ली तिच्यात जागाही भरपूर असते. भाचीला विचारून बघतो.

आम्ही कळवू.