रामकिसनरावांनी बरा केलेला गुलाब

मदिनाभाभींनी गुलाबाची कुंडी रामकिसनरावांच्या ओट्यावर ठेवली आणि डोळे पुसले. गुलाब गावठी होता, घमघमाट असलेला, भाभींनी भोकरदनच्या माहेराहून आणलेला. दोन वर्षांपासून मात्र त्याच्या पानांवर काळे ठिपके पडत होते आणि पानं पिवळी होऊन गळत होती. त्यातच भाभी आणि त्यांचे मालक फकरोद्दीन पंधरा दिवसांसाठी हैदराबादला, लेकीकडे, रुखसारकडे निघाले होते. झाड शेजारच्या रामकिसनकडे ठेवू, असं फकरोद्दीन यांनीच सुचवलं होतं.

"भाईसाब, अम्मीची निशानी हाय ही. संभाळा."

"भाभी, बिलकुल टेन्शन घेऊ नका," रामकिसनराव म्हणाले. "हा ठिपक्याचा रोग हाय. तुमी येईपर्यंत ठिपका दिसला तर नाव बदलीन."

रामकिसनराव जाफराबादच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. "जालना गाडी दहा मिनिटांत" हे ते अशा काही आवाजात सांगायचे की माणसं दोन-दोन तास बाकड्यावरून हलायची नाहीत. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, आवाज तेवढा राहिला.

शेजारी हैदराबादला गेल्या गेल्या रामकिसनरावांनी बुरशीनाशकाची पुडी आणली. ती फवारायला केदारखेड्याच्या पुतण्याचा, कल्याणचा, पंप घरात पडलेलाच होता.

"अवो, पंप धुतला का?" त्यांच्या बायकोनं, उषाबाईंनी, विचारलं.

"धुवायला ते काय दुधाचं पातेलं हाय?"

पुडीवरच्या मापाच्या दुप्पट औषध घालून त्यांनी गुलाबाला नखशिखांत आंघोळ घातली. पंपात बरंच उरलं. ते वाया जाऊ नये म्हणून उषाबाईंच्या परसातल्या मिरच्या, वांगी आणि कढीपत्त्यालाही मारलं.

चार दिवसांनी ठिपके दिसेनासे झाले, कारण ठिपक्यांची पानंच गळून पडली होती. वरची कोवळी पालवी मात्र स्क्रूसारखी पिळवटली होती.

"हे काय झालं वो?"

"औषध लागू पडून राह्यलं. आता ताकद कमी हाय, खत लागंल." रामकिसनरावांनी मूठभर युरिया कुंडीत टाकला. दुसऱ्या दिवशी झाडानं मान टाकली. युरिया जास्त झाला असेल तर धुऊन काढू, म्हणून त्यांनी सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतलं. कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं होतं, त्यामुळे गुलाब भातासारखा चिखलात उभा राहिला.

तेवढ्यात परसातून उषाबाईंची हाक आली. मिरच्या, वांगी, कढीपत्ता, सगळ्यांनी गुलाबासारखीच अंगं पिळवटली होती.

रामकिसनरावांनी कल्याणला फोन लावला.

"काका, तो पंप वापरला का काय तुमी?" कल्याण ओरडला. "त्यात तणनाशक मारलं व्हतं! मी सांगाया आल्तो, तर तुमी म्हणले, मला शिकवू नको."

रामकिसनरावांनी फोन ठेवला. "काय म्हणला?" उषाबाईंनी विचारलं.

"पंप चांगला हाय म्हणला."

त्याच दुपारी मदिनाभाभींचा व्हिडिओ कॉल आला. गुलाबाच्या जागी आता चार काळ्या काड्या होत्या. रामकिसनरावांनी कॅमेरा स्वतःच्या मिशांवर स्थिर धरला.

"भाईसाब, जरा गुलाब दाखवा ना."

"भाभी, त्याला औषध दिलेलं हाय. दुपारी उठवायचं नसतं."

"अल्ला तुमचं भलं करो! आमी परवा येऊन राह्यलो."

फोन ठेवल्यावर त्यांच्या आवाजातलं वाहतूक नियंत्रण पहिल्यांदा हरवलं. "उषे, आता गं?"

"नाव काय ठेवायचं, त्ये ठरवा," उषाबाई म्हणाल्या आणि वाळलेली वांगी उपटू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीनं रामकिसनराव जालन्याला गेले. तिथल्या तीन रोपवाटिका धुंडाळून त्यांनी तसाच गुलाबी, वासाचा, उंचीनं बरोबर जुळणारा गुलाब शोधला आणि तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन एसटीनं परत आणला. वाटेत शेजारचा प्रवासी, शेवटच्या बाकावरच्या दोन बाया आणि खुद्द कंडक्टर यांना काटे टोचले. घरी येऊन त्यांनी जुन्या काड्या उपटल्या, कुंडीचं भोक मोकळं केलं, माती बदलली आणि नवा गुलाब लावला. त्याला तीन कळ्या होत्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मदिनाभाभी रिक्षातून उतरल्या त्या सरळ कुंडीपाशी. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं.

"एक भी डाग नाही!" भाभी हरखल्या. "वास भी पहिल्यापेक्षा जास्त. भाईसाब, तुमच्या हाताला जादू हाय!"

"जादू कसली भाभी. वेळेवर औषध, बेतानं खत, बेतानं पाणी," रामकिसनराव म्हणाले. बोलता बोलता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

भाभी चहा ठेवायला उषाबाईंबरोबर आत गेल्या. फकरोद्दीन तसेच उभे होते, चेहरा पार उतरलेला. त्यांनी मित्राला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं.

"काय केलंस रे हे?"

"बरा केला."

"बरा करायला कोण म्हणलं व्हतं तुला?" फकरोद्दीन दात आवळून कुजबुजले. "दोन वर्षं झाली, त्या ठिपक्यापायी ती मला रोज सकाळी एकेक पान पुसायला लावती. फडकं घेऊन! फेकायची सोय न्हाई, सासूची निशानी. सारी गल्ली म्हणती, रामकिसनच्या हातात झाड दिलं की खल्लास. म्हणून तुझ्याकडं दिल्तं!"

रामकिसनराव दुखावले. पण मित्राचा चेहरा त्यांना बघवेना.

"फकरू," ते हळूच म्हणाले, "खरं सांगू का? तो मेला. मीच मारला. पार मुळापासून. हा दुसरा हाय, जालन्याहून आणला."

फकरोद्दीन यांचे डोळे चमकले. त्यांनी मित्राला कडकडून मिठी मारली. "शाब्बास! मला मालूम व्हतं, तू..." मिठी एकदम सैल झाली. "मेला व्हता, तर मंग दुसरा कशाला आणलास, गाढवा?"



"अजी," आतून भाभींची हाक आली, "चहा होईपर्यंत पानं पुसून घ्या. आता डाग पडता कामा नये."

फकरोद्दीन यांनी मुकाट्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, मधोमध टर्रकन फाडला आणि अर्धा रामकिसनरावांच्या हातात दिला. दोघे कुंडीच्या दोन बाजूंना बसले. फकरोद्दीन यांनी पहिलं पान पुसायला घेतलं.

"तसं न्हाई," रामकिसनराव घसा साफ करून म्हणाले, "पान देठाकडून टोकाकडं पुसायचं असतं."